धाकटीपेक्षा अर्धा इंच वर

सकाळी दुकानात जायला थोरली पार्किंगमध्ये उतरली आणि आपल्याच गाडीकडे बघून तिचं तोंड उतरलं. गाडीला काहीही झालेलं नव्हतं. ओरखडा नव्हता, चाकातली हवा गेलेली नव्हती. जे काही झालं होतं ते शेजारच्या गाडीला झालं होतं. तिच्या धाकट्या जावेची गाडी एका रात्रीत उंच झाली होती.

दोघींच्या गाड्या एकसारख्याच. कंपनी तीच, मॉडेल तेच, दोघा भावांनी जोडीने जाऊन घेतलेल्या त्या आटोपशीर एसयूव्ही. थोरलीची राखाडी आणि धाकटीची पांढरी, एवढाच काय तो फरक. दोन्ही घरं एकाच इमारतीत, धाकटी वरच्या मजल्यावर, थोरली खालच्या, आणि खाली दोन्ही गाड्या शेजारीशेजारी उभ्या. आता पांढरीच्या खाली खाचाखाचांचे जाडजूड टायर आले होते, वर ती चांगली टाचा उंचावून उभी होती आणि तिच्या बाजूला राखाडी गाडी उकिडवी बसल्यासारखी दिसत होती. घरात थोरली ही, पण पार्किंगमध्ये हिची गाडी धाकटी झाली होती.

थोरलीचं शिवणकामाचं दुकान होतं. पडदे, शाळेचे गणवेश, कुणाची पँट आखूड कर, कुणाची लांब कर. गळ्यात टेप नसली की तिला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. आसपास कोणी नाही असं बघून ती खाली वाकली आणि तिने जावेच्या गाडीचं माप घेतलं, जमिनीपासून चाकावरच्या कमानीपर्यंत. मग आपल्या गाडीचं घेतलं. फरक बरोबर दोन इंचांचा निघाला. तिने पुन्हा मोजलं, जणू दुसऱ्यांदा मोजल्यावर तो कमी होणार होता.

नुसत्या गाडीचंच प्रकरण असतं तर एखादा टोमणा मारून तिने ते सोडून दिलं असतं. टोमण्यांचा साठा तिच्याकडे भरपूर होता. पण खरं दुखणं निराळं होतं, आणि त्याचं नाव होतं चिऊ. चिऊ म्हणजे थोरलीची एकुलती एक लेक, नुकतीच अठरा पूर्ण झालेली. दीर कामानिमित्त बाहेरगावी असायचे, धाकटी वर एकटीच. सुट्टीचा दिवस उजाडला की चिऊ चार घास तोंडात कोंबून वर पळायची. "काकूबरोबर जाते." कुठे? "असंच, फिरायला." येणार कधी? "येईन गं!" संध्याकाळी परत यायची ती बुटांना चिखल आणि चेहऱ्यावर असला आनंद घेऊन, की तो बघून थोरलीचा तिळपापड व्हायचा. स्वतःच्या लेकीचा आनंद बघून आईला राग यावा, ही काही सांगायची गोष्ट नव्हती. म्हणून ती कुणाला सांगत नव्हती. पण यायचा, आणि चांगलाच यायचा.

आणि आईने बाजारात चल म्हटलं, की बाईसाहेबांचं डोकं दुखायचं.

त्या दिवशी जेवताना थोरलीने नवऱ्यापुढे विषय काढला. "आपली गाडी जरा उंच करून घेऊ या."

"कशाला?" नवऱ्याने ताटातून मानही वर केली नाही.

"खड्डे किती झालेत बघा. माझी पाठ धरते."

"दुकान ते घर, घर ते दुकान. मध्ये एक खड्डा आहे, तोही तू चुकवतेस."

"म्हणजे मी कुठे जाऊच नये का? सगळे डोंगरदऱ्या हिंडणार, आणि मी जन्मभर काजं-बटणं करत बसू?"

सगळे म्हणजे कोण, ते नवऱ्याला कळलं. संसारात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला कधी गप्प बसावं तेही कळतं. त्याने आणखी भात वाढून घेतला.

गॅरेज शहराबाहेर जाणाऱ्या रस्त्यावर होतं. बाहेर टायरांच्या उतरंडी, आत दोन गाड्या जॅकवर चढवलेल्या, आणि सगळीकडे रबराचा आणि ग्रीसचा वास. गॅरेजवाला बोलघेवडा होता. एक प्रश्न विचारला की चार उत्तरं द्यायचा. थोरलीची गाडी बघून त्याचा चेहरा खुलला.

"ही तर त्या पांढऱ्या गाडीची बहीण!"

"जाऊ," थोरली म्हणाली.

"अच्छा, त्या तुमच्या जाऊबाई! फार समजूतदार बाई हो. कुठे घाई नाही, उगाच हट्ट नाही."

थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तरी तिने हसून मान डोलावली.

त्याने सगळं समजावून सांगितलं. गाडी दोन प्रकारे उंच करता येते. एक म्हणजे स्प्रिंगच्या वर ठोकळे बसवायचे, ज्याला तो स्पेसर म्हणत होता. दुसरं म्हणजे स्प्रिंग आणि धक्के सोसणारे शॉकअब, सगळंच बदलायचं. ठोकळ्यांनी काम लवकर होतं, पण फार उंच जायचं नाही. मग त्याने तीन टायर भिंतीला टेकवून उभे केले. पहिला साध्या रस्त्याचा. दुसरा अर्धा रस्त्याचा, अर्धा कच्च्या वाटेचा. तिसरा निव्वळ चिखलाचा, बोटभर खोल खाचांचा. थोरलीने कापडाचा पोत बघावा तसा तिन्हींवरून हात फिरवला.

"जाऊबाईंनी हा मधला घेतला," गॅरेजवाला म्हणाला. "म्हणजे त्यांनी कुठला घेतलाय, बरोबरच्या पुतणीने घेतला. तुमचीच मुलगी ना ती? ती, केस वर बांधलेली? त्या सरळ म्हणाल्या, तू सांगशील तो. मग पोरीने तासभर माझं डोकं खाल्लं आणि हा निवडला."

थोरलीचा हात टायरवर तसाच राहिला. आपल्या लेकीने तासभर उभं राहून दुसरीच्या गाडीचे टायर निवडले. आपल्या दुकानातल्या पडद्यांचा रंग कुठला घेऊ म्हणून विचारलं होतं, तर "कुठलाही घे" म्हणाली होती. तिला तिथेच, त्या ग्रीसच्या वासात, रडू यायला लागलं. ते तिने गिळलं आणि गिळलेलं रडू हट्ट होऊन बाहेर आलं.

"मला तो तिसरा द्या. चिखलाचा."

"ताई, तो डांबरी रस्त्यावर आवाज करतो. भुंग्यासारखा घूं घूं."

"करू दे. आणि गाडी अडीच इंच उचला."

गॅरेजवाल्याने डोकं खाजवलं. "त्यांची तर दीडच इंच उचललीये."

"मी टेपने मोजलंय. दोन इंच आहे."

"त्यात अर्धा इंच टायरचा धरलाय तुम्ही. टायर मोठा झाला की गाडी आपोआप वर जाते. दीड इंचाचे ठोकळे आणि अर्धा इंच टायर, झाले दोन. तुम्हाला मी अडीचचे ठोकळे घातले आणि वर हा टायर बसवला, तर गाडी शिडी लावून चढावी लागेल."

हिशेब सरळ होता. दुकानात शिकायला आलेल्या पोरीला असाच हिशेब थोरलीने स्वतः शिकवला असता. पण मत्सराच्या डोळ्यांना सरळ रेघही वाकडी दिसते, आणि तिला वाटलं की हा माणूस धाकटीचा पढवलेला आहे. आपली गाडी तिच्यापेक्षा वर जाऊ नये, अशी काहीतरी मिलीभगत आहे.

"मापातलं मला सांगू नका. जन्म गेला मापात," ती म्हणाली. "अडीच म्हणजे अडीच."

"एकदा ठरवलंत ना कुठे न्यायचीये गाडी? कसल्या रस्त्याला?"

"तिची जाते तिथे."

त्याने हात जोडले आणि काम सुरू केलं. पुढे अडीच इंच बसले. मागच्या स्प्रिंगला तेवढं पेलेना, मागे दीडवर भागवावं लागलं. मोठं चाक पूर्ण वळवलं की आतल्या प्लास्टिकला घासत होतं, तिथला तुकडा कापला. संध्याकाळी तो म्हणाला, "आज गाडी इथेच राहू द्या, उद्या चाकांची अलाइनमेंट बघतो, बाकीचं सगळं नीट लावून देतो." पण दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि रविवारसाठीच तर हा सगळा खटाटोप होता. थोरलीने किल्ली जवळजवळ हिसकावूनच घेतली. गाडीचं नाक आता मालकिणीसारखंच वर झालं होतं.

रविवारी सगळ्यांनी मिळून डोंगरातल्या तलावावर जायचं, हे थोरलीनेच ठरवलं होतं. चटया, डबे, पाण्याचे कॅन, घडीच्या खुर्च्या, सगळं सामान तिने हट्टाने आपल्याच गाडीत कोंबलं. मग ती गाडीशेजारी उभी राहिली आणि लेकीची वाट बघू लागली. नवी साडी नेसून कोणी काहीतरी म्हणावं म्हणून उभं राहावं, तशी.

चिऊ आली. तिने गाडीकडे पाहिलं, खाली वाकून टायर पाहिले. "बाप रे, आई! मड टायर?"

"आवडले?"

"छान आहेत," चिऊ म्हणाली. परक्या घरची भाजी चाखून पाहुणे म्हणतात ना, तसं. "पण आपल्याला हे कशाला?"

"बस ना पुढे. बाबा मागे बसतील."

चिऊने खांद्यावरची पिशवी सावरली. "अगं, मी काकूबरोबर येते. ती एकटीच आहे ना."

पांढऱ्या गाडीत स्टिअरिंगवर बसलेली धाकटी खिडकीतून म्हणाली, "ताई, काय झकास दिसतेय हो तुमची गाडी! आमची अगदीच बुटकी झाली." खरं तर ती मनापासून बोलली होती. पण थोरलीला तेही बोचलं. हरलेल्याने कौतुक केलं तर गोड लागतं, आणि इथे हरलं कोण होतं, ते तिला समोरच दिसत होतं.

वाटभर टायर घूं घूं करत राहिले. नवऱ्याने कानात कापूस घालायचं नाटक केलं, मग खरंच डोळे मिटले. पिकअप पार मेला होता, चढावर गाडी धापा टाकत होती आणि पुढे पांढरी गाडी मजेत झपाझप चालली होती. कच्च्या वाटेवर मात्र राखाडीने दगडधोंडे लीलया पार केले. थोरलीला पाव मिनिट बरं वाटलं. पण ते बघायला गाडीत लेक नव्हती.

तलावावर दिवस गेला तसा गेला. थोरलीने पाणी पाहिलं नाही की डोंगर पाहिले नाहीत. तिने त्या दोघींनाच पाहिलं. काठाकाठाने फिरत त्या कुजबुजत होत्या, चिऊ हात गोल फिरवून काहीतरी दाखवत होती, धाकटी पोट धरून हसत होती. थोरली डबा घेऊन जवळ गेली तशा दोघी एकदम गप्प झाल्या.

"काय चाललंय?" तिने विचारलं.

"काही नाही गं," चिऊ म्हणाली.

काही नाही! लेकीच्या तोंडून आईला मिळालेला वाटा काय, तर काही नाही. थोरलीने डबा चटईवर आदळला आणि ताटल्या अशा वाढल्या, की नवऱ्याने निमूटपणे दोनदा वाढून घेतलं.

आवराआवर करता करता सूर्य कलला. पांढरी गाडी पुढे गेली. थोरलीला खुर्च्या भरून निघायला थोडा उशीर झाला, आणि मग तिने उतारावर गाडी दामटली. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला उतार, मधून एका गाडीपुरती वाट. अंधारून आलं होतं. तिने दिवे लावले आणि दोन-तीन वळणांनंतर पुढे पांढरी गाडी दिसली. ती गोगलगायीसारखी चालली होती.

"आता का?" थोरली पुटपुटली. "येताना तर फार पळवत होती." तिने गाडी अगदी मागे नेऊन चिकटवली. हॉर्न दिला. पुढची गाडी थोडी बाजूला सरकली, दचकल्यासारखी, आणि पुन्हा मधे आली.

राखाडीच्या दिव्यांचा झोत पांढरीच्या मागच्या काचेतून थेट आत शिरला होता. आतलं सगळं लख्ख दिसत होतं, नाटकाच्या रंगमंचासारखं. दोन डोकी. थोरली त्यांच्याकडेच टक लावून बघत होती. बघायचं नाही म्हटलं तरी नजर तिकडेच जात होती. डावीकडचं डोकं मोकळ्या केसांचं. उजवीकडचं, स्टिअरिंगमागचं, केस वर बांधलेलं.

तिला आधी ते कळलंच नाही. मग तिने नवऱ्याला ढोसलं.

"अहो! अहो, उठा! चिऊ चालवतेय!"

नवऱ्याने डोळे उघडले. पुढे पाहिलं. "हं," तो म्हणाला. "उतारावर पण घेते वाटतं आता. छान चालवते, नाही?"

थोरलीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो सीटमध्ये अर्धा झाला. म्हणजे यालाही ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक होतं. परीक्षा संपेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही, असं आपण बजावलं होतं आणि अख्खं घर आपल्या पाठीमागे एक झालं होतं. त्या रविवारच्या फेऱ्या, तो चिखल, तो आनंद. जळफळाटाने तिला पुढचं दिसेनासं झालं.

आणि तेवढ्यात तिला दिसलं की पुढे चिऊलाही दिसत नव्हतं.

पोरीने एक हात उचलून कपाळाशी धरला होता. धाकटीने झुकून आतला आरसा वाकवला, पण बाहेरच्या दोन्ही आरशांतून उजेड तसाच तोंडावर येत होता. गाडी उताराच्या बाजूला सरकत गेली. डावं चाक कडेवर गेलं, दोन दगड सुटून खाली गडगडत गेले. चिऊने कसंबसं स्टिअरिंग फिरवलं.

थोरलीने डिप्पर केला, दिव्यांचा झोत खाली वळवला. काही फरक पडला नाही. पुढून उचललेली गाडी, मागे सामानाने दबलेली. डिप्पर असो की अप्पर, उजेड जात होता तो वरच, लेकीच्या डोळ्यांत. थांबून मागे राहणं हा साधा उपाय होता. पण थांबली असती तर पुढच्या वळणावर पोर नजरेआड झाली असती, आणि ते तिच्याने होईना. तिने मोठे दिवे बंदच केले.

"अगं, काय करतेस?" नवरा ओरडला.

"गप्प बसा. तुमच्या बाजूची कड सांगत राहा."

पार्किंगच्या बारीक दिव्यांवर, बैलगाडीच्या चालीने, पुढच्या दोन लाल दिव्यांवर डोळे लावून ती उतरू लागली. नवरा खिडकीतून अर्धा बाहेर वाकून "आत घे, आत घे" सांगत होता. पुढची गाडी सरळ झाली होती. वळणाआधी तिचे ब्रेकचे दिवे लागत, बरोबर वेळेवर विझत. खड्डा आला की चिऊ एक चाक उंचवट्यावरून नेई. पोर खरंच छान चालवत होती. थोरलीचा ऊर भरून आला आणि त्याच क्षणी पुन्हा जळायलाही लागला, कारण हे सगळं तिला दुसऱ्या कुणीतरी शिकवलं होतं.

वाट डांबरी रस्त्याला लागली तिथे एक बंद दुकान होतं, बाहेर दिवा जळत होता. पांढरी गाडी तिथे थांबली. दार धाडकन उघडलं आणि चिऊ तरातरा मागे चालत आली.

"ओ, जरा अक्कल आहे का? दिसत नाही, पुढे कोणी..." आणि ती थबकली. "आई?"

थोरली उडी मारून खाली उतरली.

"तू होतीस मागे?" चिऊचा आवाज अजून कापत होता. "मला वाटलं, कोणीतरी माजोरडा मुद्दाम छळतोय. एवढ्या वर दिवे... मला वाटलं, तुम्ही अजून वरच सामान भरताय आणि हा कुठलातरी ट्रक आहे. हॉर्न काय, अंगावर काय येतोय!"

"मीच होते," थोरली म्हणाली.

धाकटी धावत आली. "ताई, चूक माझी आहे. मीच तिला म्हटलं की..."

"तू थांब गं जरा." थोरलीने लेकीकडे पाहिलं. तोंडाशी आलेलं सगळं तिने एकदा आत ढकललं, पण एक प्रश्न राहिला, तोच गेले कित्येक रविवार घशात अडकलेला. "मला का नाही सांगितलंस? मी नसतं शिकवलं? काकूला असं काय येतं, जे मला येत नाही?"

चिऊने बाबांकडे पाहिलं, काकूकडे पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाली, "काकूला काहीच येत नाही गं, आई. तिला धड रिव्हर्ससुद्धा जमत नाही. ती फक्त शेजारी गप्प बसते."

धाकटीने ओशाळून दुसरीकडे तोंड केलं. नवरा टायरची हवा बघायला लागला.

थोरली आपल्या गाडीला टेकून उभी राहिली. अडीच इंच, चिखलाचे टायर, हट्ट, सगळं त्या एका वाक्यापुढे मातीमोल झालं होतं. गप्प बसायला ना ठोकळे लागत होते ना स्प्रिंग. तिने डोळे पुसले नाहीत; पुसले असते तर सगळ्यांना दिसलं असतं.

मग तिने आपली किल्ली धाकटीच्या हातात ठेवली. "तू ही चालव. दिवे लावू नकोस अप्परला, आणि लांब राहा आमच्यापासून. घरापर्यंत मी बसते हिच्या शेजारी." ती थांबली. "चालेल ना गं तुला?"

चिऊने आधी काकूकडे पाहिलं. ती नजर थोरलीला सुईसारखी टोचली. मग चिऊ म्हणाली, "चल."

थोरलीने पट्टा बांधला आणि दोन्ही हात मांडीवर घेतले. चिऊने गिअर टाकला, क्लच सोडला, आणि गाडी गचका खाऊन बंद पडली.

थोरलीच्या जिभेवर सगळं तयार होतं. क्लच हळू सोड, घाई कशाला, समोर बघ, कितीदा सांगायचं. चिऊ तिरक्या नजरेने तिच्याकडे बघत होती, वाट बघत होती. थोरली खिडकीतून बंद दुकानाच्या शटरकडे बघत राहिली.

चिऊने पुन्हा किल्ली फिरवली.